'स्क्रीम ब्लडी गोर' ऐकायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण एक अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकतो. नौपाड्यातल्या मित्राचा हॉल, दोन मोठे स्पीकर, सतरंजी आणि चहा. गाणं चालू असताना बोलायचं नाही, एवढाच नियम. या वेळी 'डेथ' या बँडचा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर' लावणार आहोत. ते जाहीर केल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येताहेत. प्रत्येकाला वेगळं लिहून बोटं दुखली, म्हणून आता सगळ्यांना एकदाच.

हे 'डेथ' म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या फ्लोरिडातली पोरं. ऑर्लँडोजवळच्या आल्टामाँट स्प्रिंग्ज या गावात १९८३ साली चक शुल्डिनर, कॅम ली आणि रिक रॉझ या तिघांनी बँड सुरू केला. चक तेव्हा सोळा वर्षांचा होता. ऑर्लँडो म्हणजे डिस्नेवर्ल्डचं गाव. जगभरातली मुलं जिथे मिकी माऊसला भेटायला जातात, तिथल्याच एका गॅरेजमधून हा आवाज निघाला, याची मला अजून गंमत वाटते.

सुरुवातीला बँडचं नाव होतं 'मँटास'. पुढच्या वर्षी ते 'डेथ' झालं. मँटास हे इंग्लंडच्या 'व्हेनम' या बँडमधल्या गिटारवादकाचं टोपणनाव. म्हणजे प्रभावांची यादी बँडच्या पहिल्या पाटीपासूनच सुरू होते.

अल्बम कधी आणि कुठे रेकॉर्ड झाला?

बाजारात आला २५ मे १९८७ रोजी, कॉम्बॅट रेकॉर्ड्सकडून. पण तिथवर पोचायला चकनं बरीच वणवण केली. फ्लोरिडात जोडीदार टिकेनात, म्हणून १९८५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे जमलं नाही, घरी परतला. १९८६ च्या सुरुवातीला कॅनडात टोरोंटोला 'स्लॉटर' नावाच्या बँडमध्ये गेला, काही आठवड्यांत तिथूनही परत. मग पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, आणि या वेळी भेटला ख्रिस रायफर्ट हा ड्रमर. वय वर्षं सतरा. दोघांनी मिळून 'म्युटिलेशन' ही तीन गाण्यांची डेमो कॅसेट केली आणि तिच्या जोरावर कंपनीशी करार झाला.

पहिलं रेकॉर्डिंग फ्लोरिडात झालं. कंपनीला ते पसंत पडलं नाही. मग नोव्हेंबर १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या म्युझिक ग्राइंडर स्टुडिओत सगळं नव्यानं वाजवलं. निर्माता होता रँडी बर्न्स. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

वाजवलंय कोणी? माझ्या प्रतीवर तीन नावं आहेत.

वाजवणारे दोघेच. ड्रम रायफर्टचे. गिटार, बेस आणि गायन तिन्ही चकचं. तिसरं नाव जॉन हँड या गिटारवादकाचं. त्याचं नावही छापलंय, फोटोही आहे, पण अल्बमवर त्यानं एक सूरही वाजवलेला नाही. थोडा काळ बँडमध्ये होता, इतकंच.

छापलेल्यावर विश्वास ठेवू नये हे मी या अल्बमच्याच बाबतीत एकदा शिकलोय. कॉलेजात एका मित्रानं मला भरून दिलेल्या कॅसेटवर पेनानं 'लेप्रसी' लिहिलं होतं. तो 'डेथ'चा दुसरा अल्बम. आत होता पहिला. पुढे खरा 'लेप्रसी' हाती आला तेव्हा मी दुकानदाराशी वाद घातला, की तुमची सीडी चुकीची आहे. तो बिचारा बरोबर होता.

डेथ मेटलचा पहिला अल्बम हाच का?

डेथ मेटल म्हणजे हेवी मेटलचाच जड, गुरगुरत्या आवाजाचा प्रकार. त्याचा पहिला अल्बम कोणता यावर रात्रभर भांडता येतं आणि आम्ही भांडलोही आहोत. दुसरा दावेदार 'पझेस्ड' या बँडचा 'सेव्हन चर्चेस', ऑक्टोबर १९८५ चा. त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल' आहे, म्हणजे नामकरणाचा मान निर्विवाद त्यांचा. हे लोकही सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले. गायक जेफ बेसेरा आणि गिटारवादक लॅरी लालोंड तेव्हा अजून शाळेत होते, म्हणून रेकॉर्डिंग सुट्टीत उरकावं लागलं. निर्माता कोण? रँडी बर्न्स.

माझं मत असं: 'सेव्हन चर्चेस'मध्ये थ्रॅश मेटल, म्हणजे त्याआधीचा वेगवान मेटल प्रकार, अजून ठळक ऐकू येतं. ते संगीत एका पायरीवरून दुसरीवर पाय टाकताना पकडलेलं आहे. 'स्क्रीम ब्लडी गोर'चे दोन्ही पाय वरच्या पायरीवर आहेत. स्वतः चक मात्र डेथ मेटलचा जनक ही पदवी नाकारत असे आणि पझेस्डचं ऋण मोकळेपणानं सांगत असे. आमच्या गटात दोन जण याच मुद्द्यावर माझ्याशी असहमत आहेत. शनिवारी ते येतीलच.

प्रभाव, प्रभाव म्हणता, ते नेमके कुणाचे?

हा अल्बम निवडला तो याच प्रश्नासाठी.

आपल्या ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावानं संगीत महोत्सव होतो. रामभाऊ अनेक गुरूंकडे शिकले, आणि त्यांच्या गाण्यातली कुठली जागा कुठल्या घराण्याकडून आली यावर जाणकार तासन्‌तास बोलू शकतात. तसं ऐकायची सवय आपल्याकडे आहेच. तीच इथे लावायची. आणि इथे ते सोपं जातं, कारण चक एकोणीस वर्षांचा होता आणि शिवण लपवायची कला त्याला अजून आली नव्हती. कुठून काय घेतलंय ते टाक्यासकट दिसतं.

सर्वांत तळाशी 'किस'. लहानपणी त्याला तोंड रंगवून मंचावर आग ओकणाऱ्या या बँडचं वेड होतं. सूर फारसे उतरले नाहीत, पण संगीत म्हणजे तमाशाही असतो, बघणाऱ्याला थोडं घाबरवायचं असतं, ही समज तिथली असावी असं मला वाटतं. त्यावर 'आयर्न मेडन' आणि एकूणच त्या पिढीचं ब्रिटिश हेवी मेटल. 'ईव्हिल डेड' गाण्याच्या सुरुवातीची गिटारची सुरावट ऐका. इतक्या आरडाओरड्याच्या अल्बममध्ये गुणगुणता येईल अशी धून कुठून आली, तर तिथून.

मग व्हेनम. न्यूकॅसलकडचे हे तिघे. १९८१ चा 'वेलकम टू हेल' आणि १९८२ चा 'ब्लॅक मेटल' हे त्यांचे दोन अल्बम ओबडधोबड आहेत, पण त्यांनी चकच्या पिढीला एक परवानगी दिली: सफाई नसली तरी चालेल, दहशत हवी. स्वित्झर्लंडच्या 'हेलहॅमर' आणि त्यातूनच निघालेल्या 'सेल्टिक फ्रॉस्ट'नं ती दहशत संथ करून दाखवली. पहिलंच गाणं 'इन्फर्नल डेथ' कसं जड पावलांनी सुरू होतं आणि मग एकदम सुटतं ते बघा. ती जड पावलं स्विस आहेत.

वेग 'स्लेअर'चा. त्यांचा 'हेल अवेट्स' १९८५ चा, आणि 'रेन इन ब्लड' ७ ऑक्टोबर १९८६ चा, म्हणजे चक आणि रायफर्ट स्टुडिओत शिरण्याच्या महिनाभर आधीचा. एकोणतीस मिनिटांत संपणारा तो अल्बम ऐकून जगातल्या निम्म्या ड्रमर मंडळींनी आपापल्या पायांकडे संशयानं पाहिलं असेल.

एक धागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १९८५ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावची दोन मुलं, स्कॉट कार्लसन आणि मॅट ऑलिव्हो, काही काळ 'डेथ'मध्ये सामील व्हायला फ्लोरिडात आली होती. जमलं नाही, परत गेली आणि 'रिपल्शन' म्हणून वाजवू लागली. ग्राइंडकोर या आणखी वेगवान प्रकाराच्या मुळाशी त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळात हे सगळे एकमेकांना कॅसेट पोस्टानं पाठवत. त्यामुळे कोण कुणाचा गुरू आणि कोण शिष्य, हे नेहमी वरून खाली जात नाही. पुष्कळदा ते पाकिटातून आडवं जातं.

आणि सर्वांत जवळचा प्रभाव स्वतःच्या बँडमधलाच. घोगऱ्या, पोटातून काढलेल्या आवाजात गाणं जुन्या डेमो कॅसेटवर कॅम ली करत होता. त्यानं बँड सोडल्यावर माईक पूर्णपणे चककडे आला. अल्बमवरच्या आवाजात एक वाटा पझेस्डच्या बेसेराचा आहे आणि एक वाटा त्या निघून गेलेल्या मित्राचा.

थ्रॅश आणि डेथ मेटल मला सारखंच वाटतं. फरक कसा ओळखू?

हातात तंबोरा नसला तरी मनात षड्ज धरा. आता त्याला लागून कोमल रिषभ वाजवा, आणि मग तीव्र मध्यम. हे दोन्ही स्वर श्री किंवा पूरिया धनाश्रीत आपण संध्याकाळी आवडीनं ऐकतो, तिथे त्यांतून कातरवेळ उभी राहते. डेथ मेटलचे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी, याच दोन अंतरांवर पोसले आहेत, फक्त इथे आलाप नाही, मींड नाही. एकाच तारेवर पिक (तार छेडायची छोटी चकती) वर-खाली इतक्या जलद चालवायचं की सूर गुंजतोय की थरथरतोय ते कळू नये. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. थ्रॅशमधला रिफ घोड्यासारखा टापा टाकतो. इथला रिफ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंगावतो.

शिवाय गिटारच्या सगळ्या तारा एका पूर्ण स्वरानं उतरवलेल्या असतात, पेटीच्या भाषेत दोन पट्ट्या खाली. तार सैल झाली की आवाज जाड होतो.

रायफर्टचे ड्रम मात्र अजून बरेचसे थ्रॅश आणि पंकचे आहेत. पुढे या प्रकाराची ओळख बनलेला ब्लास्ट बीट, म्हणजे मशीनगनसारखा अखंड मारा, इथे शोधायला जाऊ नका. तो नाही म्हणूनच नवख्या माणसाला हा अल्बम पचतो, असा माझा अनुभव.

हा माणूस गातोय की ओरडतोय? घसा कसा टिकतो?

स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्या बाजूला राहतात. गुरगुरण्याच्या गायकीत श्वासाच्या दाबानं त्या घड्याही थरथरवल्या जातात. तंत्र न शिकता नुसतं ओरडलं तर घसा बसतोच, दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनवर बोलता येत नाही. मला विचारा. या अल्बमवर चकचा आवाज तसा वरच्या पट्टीतला आणि खरखरीत आहे. पुढच्या बँडांची खोल गुरगुर इथे नाही.

शब्द कळत नाहीत.

कळले तर आणखी पंचाईत. पण 'झाँबी रिच्युअल' आणि 'बॅप्टाइज्ड इन ब्लड' यांची धृपदं दुसऱ्या खेपेला कानात बसतात.

यात सैतानाची पूजा वगैरे आहे का? घरी आई विचारते आहे.

आईंना सांगा, नाही. यात आहेत भयपट. 'ईव्हिल डेड' हे गाणं सॅम रेमीच्या १९८१ च्या त्याच नावाच्या सिनेमावरून, अल्बमचं शीर्षकगीत १९८५ च्या 'री-अ‍ॅनिमेटर'वरून. इटलीच्या लुचियो फुल्चीचे झाँबीपटही आहेत. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा व्हिडिओ लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या कॅसेट बघून गाणी लिहितोय. १९८४ मध्ये आपल्याकडे रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' बघून वर्गात एकमेकांना घाबरवणारी पोरं होती, तसलाच हा. फरक इतकाच की त्याच्याकडे गिटार होती.

शब्द शारीर आहेत, कापाकापीचे आहेत आणि काही ठिकाणी निव्वळ पोरकट. ते मी झाकणार नाही. स्वतः चकही तिथे थांबला नाही. १९९१ च्या 'ह्यूमन'पर्यंत तो माणसांच्या वागण्याबद्दल लिहायला लागला होता. पण घरात लहान मुलं असतील तर हा अल्बम मोठ्यानं लावू नका, हे मी दोन मुलांचा बाप म्हणून सांगतोय.

कव्हरवरचं चित्र?

एड रेप्का. 'मेगाडेथ'च्या 'पीस सेल्स' अल्बमचं चित्रही त्याचंच, आणि त्या अल्बमशीही रँडी बर्न्सचा संबंध. जग किती छोटं होतं बघा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आमच्या एका उत्साही सभासदानं हे चित्र कार्यक्रमाची सूचना म्हणून लावलं होतं. सेक्रेटरींनी ते सत्यनारायणाच्या पूजेच्या सूचनेशेजारून काढायला लावलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अल्बममध्ये खोट काही नाहीच का?

आहे ना. बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. 'डिनायल ऑफ लाइफ'च्या आसपास रिफ एकमेकांत मिसळायला लागतात आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. बरीच गाणी जुन्या डेमो कॅसेटवरची आहेत: 'ईव्हिल डेड' १९८४ चं, 'इन्फर्नल डेथ' आणि 'बॅप्टाइज्ड इन ब्लड' १९८५ ची. त्यामुळे एकाच अल्बममध्ये तीन वेगळ्या वयांचा चक आहे. मला ती खोट आवडते. 'झाँबी रिच्युअल'च्या सुरुवातीची ती संथ, भुताटकीची सुरावट ऐकली की पुढे कुठे जाणार होता हा मुलगा, ते तिथेच समजतं.

पुढे काय झालं त्यांचं?

रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला, १९८७ मध्ये त्यानं 'ऑटोप्सी' काढला, आणि १९८९ मध्ये त्यांचा 'सेव्हर्ड सर्व्हायव्हल' आला. चक फ्लोरिडात परतला. 'लेप्रसी' १९८८ चा, आणि मग १९९८ पर्यंत आणखी पाच अल्बम, प्रत्येक वेळी वेगळे वादक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा गुंतागुंतीचं संगीत. १३ डिसेंबर २००१ रोजी मेंदूतल्या गाठीच्या आजारानं तो गेला. चौतीस वर्षांचा होता.

ठाणे-नवी मुंबईत असलं कोणी वाजवतं का?

मोठे कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतात, पण तिथे गर्दी जमते ती कोल्डप्लेला, जानेवारी २०२५ सारखी. डेथ मेटलला स्टेडियम लागत नाही, पन्नास माणसं पुरतात. मुंबईत या घराण्याचे बँड आहेत. एकाचं नावच 'भयानक मौत'. 'डेमॉनिक रेझरेक्शन'नं तर २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणं. आजोबांना ऐकवायचं धाडस मी केलं नाही, पण यादी वाचून दाखवली, तर त्यांनी क्रम बरोबर आहे एवढंच सांगितलं.

सराव हा खरा प्रश्न. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. ड्रमवर पहिली काठी पडली की ती ओलांडली जाते. म्हणून आम्ही मित्र काही वर्षं वागळे इस्टेटमध्ये भाड्यानं घेतलेल्या गाळ्यात वाजवायचो. शेजारी पत्रा कापायचं मशीन होतं, त्यामुळे तक्रार कोणाचीच नाही. एकदा फक्त तिथला कामगार धावत आला. आमच्या दिशेनं येणारा आवाज ऐकून त्याला वाटलं मशीनचं बेअरिंग गेलं. त्याला आम्ही बसवून एक गाणं वाजवून दाखवलं. शेवटपर्यंत बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "टाइमिंग चांगलं आहे."

कुठली आवृत्ती ऐकणार?

मूळ दहा गाण्यांची, रेकॉर्डवर जशी होती तशी. सीडीवर दोन गाणी जास्तीची होती, ती चहानंतर. २०१६ मध्ये रिलॅप्स रेकॉर्ड्सनं सरावाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांसह जी आवृत्ती काढली, तीही एकाकडे आहे. कोणी थांबलं तर तीही लावू.

आवाज किती मोठा असेल? कानात कापूस घालून यायचं का?

कापसानं काही होत नाही, केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात ते आणा. ८५ डेसिबलच्या पुढे फार वेळ बसणं कुणाच्याच कानाला बरं नाही, आणि आम्ही तिथवर जाणारही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना शब्द दिलाय. मागच्या खेपेला त्या स्वतः वर आल्या होत्या. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्या दारात उभ्या राहून एक अख्खं गाणं ऐकून म्हणाल्या, "मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातल्यावर असाच आवाज येतो रे," आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून खाली गेल्या. या वेळी त्यांना बसायला खुर्ची ठेवलीय. सतरंजीवर बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही.